वाईला दोन रात्री: आजी, पोरं आणि एक गाडी घेऊन कसं जायचं

वाई आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलेली असते ती एसटीच्या खिडकीतून. महाबळेश्वरची गाडी स्टँडवर थांबते, कोणी वडापाव आणतं, कोणी उलटीची गोळी शोधतं कारण पुढे पसरणीचा घाट, कंडक्टर दोन घंटी मारतो की संपली वाई. मी पण पंधरा वर्षं एवढीच वाई बघितली होती. मग एका वर्षी ऐनवेळी महाबळेश्वरचं बुकिंग मिळेना, जे मिळत होतं त्याचा रेट ऐकून नवरा खुर्चीतून उठलाच, म्हणून म्हटलं खालीच राहू वाईत आणि वर जाऊन येऊ. वर गेलोच नाही. तेव्हापासून तीनदा झालं जाऊन, सासूबाई वय ७२, मुलगी तेरा, मुलगा सात, असा आमचा ताफा असतो, त्यामुळे खाली जे लिहितेय ते अशाच घरांसाठी. ट्रेकवाल्यांनी पांडवगड, वैराटगड, कमळगड बघावेत, त्यातलं मला काही कळत नाही.

आधी वार ठरवा, हॉटेल नंतर

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि लोक नेमकं इथेच चुकतात. शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परत, असा प्लॅन केलात तर तुम्ही महाबळेश्वरच्या पूर्ण गर्दीसोबत जाणार आणि तिच्यासोबतच परत येणार. शनिवारी सकाळी खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे घसटत घसटत, आणि रविवारी दुपारनंतर तर वरून पसरणी घाट उतरलेल्या सगळ्या गाड्या वाईतूनच हायवेकडे जातात, तेव्हा गावातला मेन रस्ता ओलांडायला पण आजीचा हात धरून पाच मिनिटं उभं राहावं लागतं.

आम्ही उलटं करतो. रविवारी घरी जेवून साडेबारा-एकला निघायचं, सोमवार पूर्ण तिथे, मंगळवारी जेवून परत. सोमवार-मंगळवार दोन दिवस रजा आणि पोरांची शाळा बुडते, ते मान्य, पण रूम स्वस्त मिळते (विचारायचं मात्र लागतं, स्वतःहून कोणी कमी करत नाही) आणि सोमवारी सकाळी नदीच्या घाटावर तुम्ही आणि गावातली माणसं, बास. जमत नसेल तर दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीतले मधले वार बघा, लाँग वीकेंड अजिबात नको.

दोन तारखा कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते, साधारण जानेवारीत, आणि तो घाटरस्ता वाईजवळूनच वर चढतो. दुसरी रंगपंचमी, त्या दिवशी बावधनचं बगाड, म्हणजे बैलांनी ओढायचा लाकडी रथ. बावधन वाईला अगदी लागून आहे, बगाड बघायलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, बैलांच्या जोड्या, ते लाकडी धूड, नवसाचा माणूस (बगाड्या) वर टांगलेला, बघण्यासारखंच असतं, पण म्हातारं माणूस आणि लहान पोर घेऊन शांत दोन दिवस घालवायचे असतील तर त्या आठवड्यात नको. माघ-फाल्गुनात मात्र कृष्णाबाईचे, म्हणजे कृष्णा नदीचे, उत्सव असतात, एकेका घाटाचा आपापला वेगळा, मांडव, कीर्तन, प्रसाद, ते सापडलं तर नशीब समजा.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे झाकून. पावसाळ्यात हिरवंगार असतं पण कृष्णेला पाणी चढलं की घाटाच्या पायऱ्याच दिसत नाहीत, म्हणजे ज्यासाठी गेलात तेच पाण्याखाली. एप्रिल-मेमध्ये दुपारी दगड इतके तापतात की देवळात अनवाणी जाताना मुलगा उड्या मारत गेला होता.

जायचं कसं

पुण्याहून स्वारगेट धरलं तर ९० किलोमीटरच्या आतबाहेर, दोन-अडीच तास. सातारा रोड, खेड शिवापूरचा टोल, शिरवळ, खंडाळा, खंबाटकी घाट, घाट उतरलं की सुरूर फाट्याला उजवीकडे. हा फाटा चुकवू नका, पुलाखालून-वरून असं काहीतरी होतं आणि मॅप दोन सेकंद उशिरा बोलतो. फाट्यापासून वाई दहा-बारा किलोमीटर, आणि गावाच्या उत्तरेला जो डोंगर दिसतो तो पांडवगड. जाताना घाट चढावा लागतो, येताना बोगदा आहे, त्यामुळे ज्याला गाडी लागते त्याला गोळी जातानाच द्या, निघायच्या अर्धा तास आधी, शिरवळला आठवण झाली तर उपयोग नाही. मुंबईकरांना पाच तास तरी धरावे लागतील, एक्सप्रेसवे आणि मग पुणं पार करायचं, त्यांनी सकाळी लवकर निघून जेवायला वाई गाठावी.

गाडी नसेल तरी काही बिघडत नाही उलट एका अर्थी बरंच. स्वारगेटहून महाबळेश्वरच्या एसट्या वाईवरूनच जातात. बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं, ७५ च्या पुढे फुकट, बारा वर्षांच्या आतल्या पोरांना हाफ, म्हणजे आमच्या घरात पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं निघतं आणि तो दरवेळी हे मोठ्याने बोलून दाखवतो. फक्त ज्येष्ठांचं ओळखपत्र हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. रेल्वेचा विचार करू नका, जवळचं स्टेशन वाठार, ते पण तीसेक किलोमीटर लांब.

राहायचं कुठे, आणि फोनवर काय विचारायचं

पहिल्या वेळी आम्ही फोटो बघून एक रूम बुक केली, लिहिलं होतं नदीपासून पाच मिनिटं. पोचल्यावर कळलं की पाच मिनिटं म्हणजे गाडीने, आणि ती पण रस्ता मोकळा असेल तर. शिवाय रूम दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि संडास भारतीय पद्धतीचा. सासूबाईंचे गुडघे दोन्ही गेलेले. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस पाणी कमी प्यायल्या, ते मला दुसऱ्या दिवशी रात्री कळलं आणि इतकं वाईट वाटलं की बास.

म्हणून आता फोन करूनच बुक करते आणि चार प्रश्न ठरलेले आहेत. गणपती घाटापर्यंत चालत किती वेळ, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने? तळमजल्यावर रूम आहे का? कमोड आहे का, आणि बाथरूममध्ये शिरताना उंबरा किंवा पायरी आहे का? गरम पाणी किती ते किती? हे चौथं महत्त्वाचं, कारण बऱ्याच ठिकाणी सोलर असतं आणि सकाळी सहाला घाटावर जाणाऱ्याला गार पाणी मिळतं. पार्किंगचं पण विचारा पण त्यावर अडू नका, गावातल्या आळ्या अरुंद आहेत, गाडी जिथे लागेल तिथे लावायची आणि दोन दिवस विसरायची. शक्यतो गावात राहा, धोमच्या रस्त्याला शेतात वगैरे छान रिसॉर्टं आहेत, स्विमिंग पूल पण असतो, पण मग पोरं पूलमधून निघत नाहीत आणि वाईला येऊन तुम्ही पूलच बघता.

बॅगेत काय

जास्त नाही. सगळ्यांना पटकन निघणाऱ्या चपला, कारण दिवसातून दहादा काढायच्यात. आजींसाठी सोल न घसरणारी, आणि काठी असेल तर ती "लोक काय म्हणतील" न करता घेणं. एक सतरंजी किंवा जुनी चादर, घाटावर बसायला. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर आणि कानटोपी नक्की, नदीकाठी पहाटे चांगलंच झोंबतं. थोडी रोख, रिक्षावाले आणि फुलवाल्या बायकांसाठी सुट्टे. पोरांसाठी मी एक वही-पेन्सिल घेते, मोबाईल रूमवर ठेवायचा हा नियम मुलीने पहिल्यांदा खूप भांडून आणि दुसऱ्यांदा थोडं भांडून मान्य केला.

पहिली संध्याकाळ: काहीही करू नका

साडेतीन-चारला पोचाल. चहा घ्या, पाठ टेका, पाचला बाहेर पडा आणि सरळ गणपती आळीच्या घाटावर जा. वाईत कृष्णेवर सात घाट आहेत, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, आणि गावातली माणसं पत्ता सांगताना आळीच्याच नावाने सांगतात. दक्षिण काशी म्हणतात ते उगाच नाही, पण काशीसारखी गर्दी नाही हे जास्त महत्त्वाचं.

ढोल्या गणपतीचं देऊळ घाटावरच. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं, हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या बायकोच्या, गोपिकाबाईंच्या माहेरचे, म्हणजे वाई ही पेशव्यांची सासुरवाडी. हे सासूबाईंनी सांगितल्यावर मुलीला एकदम इंटरेस्ट आला, इतिहासाच्या पुस्तकात सासुरवाडी कुठे असते? मूर्ती एकाच दगडातली, इतकी अवाढव्य की दारातून एका नजरेत मावत नाही, म्हणूनच ढोल्या. दर्शन झालं की लगेच निघू नका, देवळाच्या मागच्या बाजूला या. मागची भिंत सपाट नाहीये, माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी येऊन आपटण्याऐवजी दोन्ही बाजूंनी कापलं जावं म्हणून. माझा मुलगा त्या भिंतीच्या टोकाशी उभा राहून दोन्ही हात पसरून "मी पाणी आहे" करत होता, दहा मिनिटं. बाजूलाच काशीविश्वेश्वराचं देऊळ, तिथला नंदी बघा, गुळगुळीत इतका की हात लावल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

मग सतरंजी पसरायची आणि बसायचं. हे लिहायला फार सोपं आहे पण आमच्या घरी पहिल्या वेळी नवऱ्याला पंधरा मिनिटांनी "आता पुढे काय?" झालं. पुढे काही नाही. बायका धुणं धुतात, पोरं क्रिकेट खेळतात आणि बॉल पाण्यात गेला की एकजण उडी मारतो, देवळातली घंटा वाजते, अंधार पडतो. फक्त एक, आपल्या पोरांना पाण्यात सोडू नका. वरून पाणी शांत दिसतं पण खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि धरायला कठडा नाही. आजींना वरच्याच पायऱ्यांवर बसवा, उतरताना कोणी ना कोणी हाताला हवंच.

रात्री साधं जेवण, भाकरी-पिठलं-खर्डा मिळतो, तिखट खाणारे असाल तर मटण-भाकरी, पण हा सातारा जिल्हा आहे, पोरांसाठी "कमी तिखट" असं दोनदा सांगा आणि तरी दही मागवून ठेवा.

दुसरा दिवस, सकाळ: मेणवली

जो लवकर उठेल त्याने सहा-साडेसहाला एकटंच घाटावर चक्कर मारावी, सगळ्यांना ओढत नेऊ नका. मी जाते. थंडीत पाण्यावरून वाफ निघत असते.

मग पोहे किंवा मिसळ खाऊन साडेआठच्या आत मेणवलीला निघा. तीनच किलोमीटर, गाडीने पाच-दहा मिनिटं, रिक्षा केलीत तर "जाऊन-येऊन, तिथे दीड तास थांबायचं" असं आधीच ठरवून घ्या नाहीतर परतीला उन्हात उभं राहावं लागतं. वडाप (शेअरची जीप) पण मिळते पण आजींना दाटीवाटीत बसवायचं असेल तर विचार करा.

मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचं गाव, १७६८ साली त्यांना मिळालं आणि त्यांनी इथे वाडा, घाट, देवळं बांधली. वाडा खाजगी मालकीचा आहे, कधी आत सोडतात कधी नाही, त्यामुळे पोरांना आधीच "वाडा बघायचाय" म्हणून तापवून ठेवू नका. उघडा असला तर सोनं. एकामागून एक चौक, जाड भिंती, आत शिरल्याबरोबर गारवा, भिंतींवर जुनी चित्रं, रंग उडालेत पण ओळखू येतात. भिंतींना हात लावू नका, पोरांनाही सांगा, नावं कोरणाऱ्यांनी आधीच पुरेसं नुकसान करून ठेवलंय.

वाड्याच्या मागून घाटावर उतरायचं. चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, वर मोठाली झाडं, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. हा घाट तुम्ही आधी बघितलेला आहे, खात्रीने, कारण सिनेमावाल्यांना खेड्यातली नदी दाखवायची असली की ते सरळ इथेच येतात. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि उंच आहेत, सासूबाई अर्ध्यावर सावलीत बसल्या आणि म्हणाल्या मला इथूनच सगळं दिसतंय तुम्ही जाऊन या, आणि खरंच दिसत होतं.

देवळाजवळ एका छोट्या दगडी घुमटीत घंटा टांगलेली आहे, ती चुकवू नका. भली मोठी, पंचधातूची, आणि आपल्या देवळातल्या घंटेसारखी मुळीच दिसत नाही कारण ती पोर्तुगीजांची आहे. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि महाराष्ट्रभर देवळांना दिल्या, त्यातली ही एक असं सांगतात. जवळ जाऊन बघा, घंटेवर बाळाला घेतलेली एक बाई उठावात कोरलेली आहे आणि १७०७ हे साल आहे. मुलगा म्हणाला ही कुठली देवी. मुलगी म्हणाली अरे मेरी आहे ती, येशूची आई. सासूबाई हळूहळू एकेक पायरी उतरून शेवटी आल्याच होत्या खाली, त्यांनी घंटेला हात जोडले आणि म्हणाल्या, "लेकुरवाळी आहे ना, मग झालं."

अकराच्या आत परत. ऊन चढतं.

दुपार

जेवा आणि झोपा. मी गंमत करत नाहीये, दुपारी झोपू दिलं तरच संध्याकाळी आजी आणि पोरं दोघंही हसरी राहतात. ज्याला झोप येत नाही त्याने गावात फिरावं. जुने वाडे आहेत, काही पडलेले, काहींच्या खाली मोबाईल रिपेअरिंगची दुकानं. मराठी विश्वकोशाचं काम ह्याच गावातून झालंय, त्याचे संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच राहिले, प्राज्ञपाठशाळा ही जुनी संस्कृत-शास्त्रांची शाळा पण इथली. म्हणजे एवढ्याशा तालुक्याच्या गावात बसून माणसांनी अख्ख्या जगाच्या नोंदी मराठीत लिहिल्या, बाहेरून इमारत बघितली तरी मला भारी वाटतं, नवऱ्याला वाटत नाही, असो.

दुसरा दिवस, संध्याकाळ: धोम

चारला निघा. आठ-दहा किलोमीटर. लोक धोम धरणावर जातात, पाण्याचा फोटो काढतात, परत येतात. तुम्ही आधी धोम गावात थांबा, नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. महादेवासमोरचा नंदी एका दगडी कुंडात बसवलाय, कुंड कमळासारखं, आणि नंदीच्या खाली भलं मोठं दगडी कासव. कुंडात पाणी भरलेलं असलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन पोहतंय असं दिसतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कुंड कोरडं. मुलगा म्हणाला कासव थकलंय. दुसऱ्या वेळी पाणी होतं आणि तो कठड्याला हनुवटी टेकून बसून राहिला, कासव किती पुढे सरकलं ते बघत.

धरणावर नंतर जा, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी. पाण्याच्या काठाशी चिखल असतो आणि खोलीचा अंदाज येत नाही, गाडी जिथपर्यंत जाते तिथूनच बघा. बोटिंग चालू असलं तर लाईफ जॅकेट सगळ्यांना पुरतात का ते मोजून मगच बसा, एखादं कमी असेल तर नाही बसायचं, पोरं रडली तरी.

तिसरा दिवस: दोन पर्याय, दोन्ही नका करू

पहिला, पसरणी घाट चढून पाचगणी, बारा किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर टेबललँडवर वारा आणि तुम्हीच, दहापर्यंत खाली उतरता येतं. पुस्तकवेडी पोरं असतील तर तिथून जवळच भिलार, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव, लोकांच्या घरांत पुस्तकं ठेवलेली असतात, बसा आणि वाचा. आमची मुलगी तिथे बसली की उठत नाही, त्यामुळे भिलार करायचं असेल तर टेबललँड सोडा.

दुसरा, लिंब गावची बारा मोटेची विहीर. हायवेला लागून साताऱ्याच्या दिशेला जावं लागतं, म्हणजे पुणेकरांना उलटं, पण माझं मत विचाराल तर हीच बघा. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. पायऱ्या उतरून गेलं की कळतं की विहिरीच्या पोटातच चक्क छोटा महाल आहे, दगडी खांब, कोरलेली शिल्पं, आणि वर ज्या मोटांनी पाणी काढायचे त्यांच्या जागा. वरच्या काठाला सगळीकडे कठडा नाही. लहान पोराचं मनगट धरायचं, बोटं नाही, बोटं सुटतात.

पैसे

रेट दरवर्षी बदलतात म्हणून आकडे देत नाही, पण आमच्या घरी सगळ्यात मोठा खर्च रूमचा होतो, मग पेट्रोल-टोल, मग जेवण. बघण्याच्या जागांचा खर्च जवळपास नाहीच, देवळं आणि घाट फुकट. म्हणून वाचवायचं असेल तर रूमवर घासाघीस करा, वार बदला, जेवणावर नको.

परत येताना

मंगळवारी दोनपर्यंत निघालात तर पाचच्या ट्रॅफिकच्या आधी कात्रज ओलांडता. बोगद्यानंतर उतार आणि वळण आहे, गाडी आपोआप पळते, हात आवरून चालवा. सातारी कंदी पेढे वाईतही मिळतात, चव बघून घ्या. डिसेंबर ते मार्च असेल तर रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीवाले बसलेले असतात, पेटीत वरचा थर लालभडक आणि मोठ्या फळांचा, म्हणून पैसे द्यायच्या आधी "काका, खालचा थर दाखवा" म्हणायचं, कुरकुर करतात पण दाखवतात, आणि तोपर्यंत पोरांना गाडीतून उतरू द्यायचं नाही, ती वरचीच पेटी उचलून खायला लागतात की मग भाव काय करणार?